वासंतीताईंनी तपासलेलं रक्त

नळीला चुंबक लावलं की वासंतीताई डोळे मिटून घ्यायच्या. नळीतलं तपकिरी पाणी हळूहळू निवळे आणि पोटात लोह असलेले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी चुंबकाच्या बाजूला गोळा होत. त्या मण्यांवर उंदीरतापाचा, म्हणजे लेप्टोचा, जंतू धरून ठेवणारं प्रथिन आम्ही चढवलेलं असे. रक्तात जंतू असला तर मण्यांबरोबर तोही ओढला जाई. मग धुऊन रंगाचं द्रावण घातलं की नळी निळी होई. "बघ गो बाय, झाला काय निळा?" डोळे न उघडताच त्या विचारत. मला ती लकब वाटे.

डिचोलीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या लाटंबार्स्याहून बसने येत. मी नवी, कामाला उतावळी. मी मणी भराभर धुऊ लागले की त्या माझं मनगट धरत. "नाय म्हणूक घाई करू नको. हो म्हणणारो चुकलो तर माणूस फुकट औषध खाता. नाय म्हणणारो चुकलो तर माणूस जाता."

नव्या मण्यांची परीक्षा घ्यायला एका आरोग्य केंद्राकडून गोठवलेले जुने नमुने आले. नावं नव्हती, नुसते क्रमांक. पेटीतून नळ्या काढता काढता वासंतीताई थांबल्या. एका चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं, आणि तो क्रमांक त्यांना पाठ होता.

"ह्यो माझो भाव," त्या म्हणाल्या. "मंगेश."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या त्याच केंद्रात कामाला होत्या. भाताच्या चिखलात हा जंतू उंदरांच्या मुतातून येतो आणि अनवाणी पायांच्या भेगांतून अंगात शिरतो. त्या चिखलातून आलेल्या भावाला ताप भरला, दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्याचं रक्त घेतलं. जुनी तपासणी शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेलं द्रव्य शोधायची, आणि ते इतक्या लवकर तयारच होत नाही. निकाल आला: 'नाही'. घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं, "उंदीरताप नाय, भियाव नको." सहाव्या दिवशी मंगेशची लघवी बंद झाली. आठव्या दिवशी तो गेला.

"ही नळी मी करते," मी म्हटलं.

"नको. माझी मी करतंय."

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. नळी निळी झाली, गडद. त्यांनी वहीत क्रमांकापुढे 'आहे' असं लिहिलं आणि पुढची नळी उचलली.

रविवारी त्या मला घरी घेऊन गेल्या. त्यांची आई चुलीपुढे काजूबिया भाजत होती. वासंतीताईंनी काही न लपवता सांगितलं: मंगेशच्या रक्तात जंतू होता, आणि आपणच 'नाही' म्हटलं होतं. म्हातारीने बिया चुलीवरून उतरवल्या. मग म्हणाली, "तुझा बोलणा ऐकान तो दोन राती निवांत निजलो. पेजपण जेवलो. माका वायट वाटणा नाय गो."

मी परत निघाले तेव्हा त्या बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. बस दिसली तेव्हा बोलल्या, "आयेन शिव्यागाळी दिल्यान असती तर बरा झाला असता."

तीन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. मी फोन करते तेव्हा आईच उचलते आणि सांगते, वासू शेतात गेली आहे. चिखलात, अनवाणी. कितीही सांगितलं तरी पायात बूट घालत नाही.