साबराखालची खरपुडी

अजिंठ्याच्या डोंगरावरची ती खरपुडीची दुर्मीळ वेल मी उपटली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

जिची ती खरपुडी, ती माझी विद्यार्थिनी. नाव लिहीत नाही. शहरातल्या एका कॉलेजात मी जैवविविधता आणि वर्गीकरणशास्त्र शिकवतो. ती अजिंठ्याहून एम.एस्सी.ला आली होती. झाड दिसलं की दोन्ही हात पाठीमागं बांधून उकिडवी बसायची. "पैले बघा तर, सर. हात नंतर लावा." वडलांचं काचेच्या बांगड्यांचं दुकान, सवय तिथली.

सहलीत पोरं वाळवून कागदावर चिकटवायला फुलं ओरबाडायची. ही म्हणायची, "तुमचा कान वाळवून चिकटवू का रे?" मीही हसायचो, आणि वर टोचायचो, "बांगडीवाल्या बाई, इथं नमुना लागतो, नखरे नाय." असं हळवं पोर तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला टोचायला आपल्याला का आवडतं, कोण जाणे.

तिला वनखात्यात जायचं होतं. तिचा सगळा प्रबंध त्या एका वेलीवर. दिव्यासारखी फुलं, खाली कंद. गावामागच्या डोंगरावर, काटेरी साबराच्या झुडपात, एकच सापडलेली. मला तिथं घेऊन गेली. "तुम्हाला म्हणून दाखवते, सर. कुणाला सांगू नका."

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो, खुरपं घेऊन. ओळख पटवायला फुलाची एक फांदी पुरली असती. मी कंदासकट काढली. दुसऱ्या कुणाला मिळू नये, एवढंच डोक्यात होतं.

दोन-चार दिवसांनी ती वर्गात आली, चपला चिखलानं भरलेल्या.

"सर, तिथं नुसता खड्डा हाय."

"कुणाकुणाला दाखवली होतीस?"

"तुम्हाला. अन् भाईला."

"मग भाईला विचार. विकली असेल जडीबुटीवाल्याला."

वर्ग हसला. भावानं कुराणाची शपथ घेतली, हे तिनंच मला सांगितलं. "झूठ बोलतो, सर. दुसरं कोण नेणार?" मी मान डोलावली.

महिन्याभरात तिनं शिक्षण सोडलं. निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "जिला एक वेल सांभाळता नाय आली, ती जंगल काय सांभाळंल?"

मी म्हणालो, "बरोबर आहे."

वेल माझ्या कपाटात आहे, कागदावर चिकटवलेली. ती कुणाला दाखवता येत नाही. कुठून आणली, ते सांगावं लागेल.

परवा चिकलठाण्याला रिक्षाची वाट बघत उभी दिसली. तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला जाते.

"सलाम, सर. लई वाळलात."

मी भाईची विचारपूस केली.

"तेव्हापासून बोलत नाय मी त्याच्याशी. ईदला येतो, दारातूनच परत जातो."

रिक्षा आली. मी तिला जाऊ दिलं.

भाऊ खरं बोलत होता, एवढं सांगण्याचं मी तिचं देणं लागतो. आणि त्याची माफी मागण्याचं.