माउंट होण्याआधी टाइप केलेला प्रोग्रॅम

सांगलीच्या आमच्या कॉलेजात लिनक्सचं एकच मशीन होतं. बाकी सगळे त्याला जोडलेले टर्मिनल. सकाळी शिपाई ते नुसतं चालू करायचा. मुलांची कामं दुसऱ्या डिस्कवर असत आणि ती सर दहाला आल्यावर स्वतः माउंट करत, म्हणजे मशीनला जोडून उघडत, कारण पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. त्याआधी कुणी येतही नसे. सांगलीतच राहणारी मुलं इतक्या लवकर कशाला येतील?

मी पलूसहून पहिल्या एसटीनं आलो होतो. प्रोजेक्ट दाखवायचा दिवस होता. कागदावर लिहून आणलेला अख्खा प्रोग्रॅम टाइप केला. प्रोजेक्टची डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, रिकामी दिसली, तेव्हा वाटलं, जुनं साफ केलं असेल. विचारणार कुणाला? कॉलेजात गेलेला घरातला मीच पहिला. कळलं नाही तर गप्प राहायची सवय होती. प्रोग्रॅम चालला. लॉगआउट करून डबा खायला गेलो.

परतलो तर डिरेक्टरीत सगळ्यांच्या फायली होत्या, माझी नव्हती.

"टाइपच केलं नसशील," सर म्हणाले.

"केलंय, सर."

"मग काय मशीननं खाल्लं?"

मागून एक वर्गमित्र म्हणाला, "उसात पडलं असंल रं, गड्या. वाकून बघ." सगळे हसले. सरही.

मी मॅन्युअल चाळलं. डिरेक्टरीवर डिस्क माउंट केली की तिथं आधी असलेलं झाकलं जातं, पुसलं जात नाही. म्हणजे माझी फाईल मशीनच्या मूळ डिस्कवर शाबूत होती.

"सर, एक मिनिट अनमाउंट केलं तर..."

"सगळी मुलं काम करतायत. तुझ्यासाठी उठवू त्यांना?"

परीक्षकांनी शून्य दिलं.

पुढच्या आठवड्यात लॅब रिकामी बघून पुन्हा विनंती केली. सरांनी अनमाउंट केलं. फाईल तिथंच होती, त्या सकाळच्या वेळेसकट. त्यांनी चालवून पाहिली.

"आहे की रे. चांगला लिहिलायस."

"मग गुण, सर?"

"ते गेले पाठवून." त्यांनी डिस्क परत माउंट केली.

घरी वडिलांनी विचारलं, "काय चुकलं रं?" मी डिस्क, डिरेक्टरी, सगळं सांगू लागलो. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"म्हंजे केलंच न्हाईस," ते म्हणाले आणि गोठ्याकडं गेले.