चिन्ह का उलटतं

नव्वदनंतरची ती वर्षं. मी नववीत असताना निरवांगीच्या आमच्या शाळेत गणिताला नव्या बाई आल्या. नुकतंच कॉलेज संपलेलं, इंदापूरहून रोज एसटीनं यायच्या.

समीकरणं मला आवडायची. इकडची संख्या तिकडं नेली की चिन्ह बदलायचं, शेवटी क्ष एकटा उरायचा. मग लहान-मोठ्याच्या चिन्हांची उदाहरणं आली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, उणे दोन क्ष सहापेक्षा लहान. दोन्ही बाजूंना उणे दोननं भागलं आणि लहानाचं चिन्ह उलटवून मोठ्याचं केलं. क्ष उणे तीनपेक्षा मोठा.

मी हात वर केला. "बाई, चिन्ह का उलटलं?"

"ऋण संख्येनं भागलं की उलटतं. नियम आहे तो."

"व्हय, पण का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला आत्ता सांगता येत नाही. उद्या सांगते."

शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत मुली कुजबुजल्या, "ह्यांनाच येत न्हाय!" मला मात्र बाई एकदम जवळच्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा वर्ग कबड्डीच्या मैदानावर नेला. फक्कीनं लांब रेघ ओढली, मधोमध शून्य काढलं आणि दोन्हीकडं आकडे टाकले. मला उजवीकडच्या पाचावर उभं केलं, माझ्या मैत्रिणीला दोनावर.

"मोठं कोण?"

"मी," मी म्हटलं.

"आता दोघींना उणे एकनं गुणलं. शून्याच्या पलीकडं जा, तेवढ्याच अंतरावर."

आम्ही चालत गेलो. ती उणे दोनावर थांबली. मला तिला ओलांडून पुढं, उणे पाचापर्यंत जावं लागलं.

"रेघेवर जी उजवीकडं, ती मोठी. आता कोण?"

"मी हाय!" मैत्रीण ओरडली आणि सगळ्या मुलींनी टाळ्या पिटल्या. नियम माझ्या पायांना कळला होता.

पुढं मी बारामतीला कॉलेजात गणितच घेतलं. एकदा इंदापूरच्या स्टँडवर बाई भेटल्या, तेव्हा त्या दिवसाचा विषय काढला.

"मीसुद्धा तो नियम पाठच केला होता गं," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नव्हतं. घरी जाऊन ते सुटलं तेव्हा इतका आनंद झाला, की कधी एकदा सकाळ होते आणि तुम्हाला सांगते असं झालं होतं."