दोन अँप आणि दादांची पेटी

मंडळी, हेडफोनच्या अँपवरून, म्हणजे अँप्लिफायरवरून, या ग्रुपमध्ये मी बरीच भांडणं केलीत. आज निकाल घरातच लागला.

मित्रानं त्याचं महागडं व्हॉल्व्हचं अँप चार दिवस दिलंय. माझं ट्रान्झिस्टरचं, त्याच्याच तोडीचं. सकाळी दोन्ही मांडली आणि तुलनेसाठी वडिलांची, म्हणजे दादांची कॅसेट लावली. नव्वदच्या दशकात तिसगावच्या घरी विहाराच्या गायन मंडळाची तालीम टेप केली होती. टेपरेकॉर्डर ठेवला होता थेट दादांच्या पेटीवर, त्यामुळे पेटीपुढं बाकी कुणी ऐकूच येत नाही.

त्या कॅसेटवरून घरात जुनं भांडण आहे. आई म्हणते, "मी बी गायले हुते." दादा म्हणतात, "तू आत भाकरी थापत हुतीस."

व्हॉल्व्हवर पेटी इतकी गोड वाजली की दादा लगेच म्हणाले, "ह्येच भारी."

मग तीच जागा माझ्या अँपवर लावली. पेटी जरा कोरडी झाली, पण तिच्यामागं भाकरी थापल्याचा आवाज आला. आणि त्याच ठेक्यात, आतल्या खोलीतून, आईचा गळा. प्रत्येक कोरसला.

मी हेडफोन दादांना दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

आईनं दारातून विचारलं, "थापतीय का भाकरी?"

"थापतीयस," दादा म्हणाले. हेडफोन कानावर आणखी दाबला आणि म्हणाले, "अन् गातीयस बी."

मग त्यांनी स्वतःच कॅसेट मागं घेतली. चार वेळा.

तुमच्या जुन्या कॅसेटवर मागं कोण गातंय, ऐकलंय का कधी?