नाव न विचारता लावायचा पाला

बस डेपोच्या मागच्या भिंतीला लागून, जिथे जुने टायर आणि मोडक्या सीट टाकतात, तिथे जे आपोआप उगवतं त्याला डेपोतले लोक गवत म्हणत. मिस्त्री त्याला काहीच म्हणत नसत. इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची उभी नोकरी गेली, पण लोकांच्या लक्षात ते राहिले पाल्यामुळे. पाना निसटून कुणाचं बोट सोललं, रेडिएटरच्या वाफेनं कुणाचा हात भाजला, की मिस्त्री भिंतीकडे जात, चार पानं खुडत, नळावर धूत आणि सगळ्यांकडे पाठ करून तळहातावर चोळत. समोरच्याच्या हाती पडायचा तो हिरवा लगदा. पान कसं होतं ते कळायची सोय नसे.

नाव विचारायचं नाही, हा नियम. नाव कळलं की गुण गेला. मिस्त्रींच्या उस्तादानं त्यांना हे शिकवलं होतं, आणि त्यात जितका वेडेपणा होता तितकाच शहाणपणाही होता. पिकतं तिथे विकत नाही. जे आपल्याच दाराशी उगवतं आणि ज्यावर येता-जाता शेळी तोंड टाकते, त्यानं आपली जखम भरेल हे माणसाला पटत नाही. एकदा एका ड्रायव्हरनं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, ही तर एकदांडी. मिस्त्रींनी लगदा गटारात टाकला, हात धुतले आणि त्याला दवाखान्याचा रस्ता सांगितला. ड्रायव्हरनं बोलणं टाकलं. मिस्त्रींना काही फरक पडला नाही.

निवृत्तीनंतरही सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी मिस्त्रींची त्या भिंतीपर्यंत. तिथेच एका गंजक्या पत्र्यानं त्यांची नडगी फाडली. दवाखान्यात टाके, इंजेक्शन, गोळ्या, सगळं झालं. गोळ्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, कारण त्यांची नावं त्यांना वाचता येत नव्हती. पण जखमेचं एक टोक काही मिटेना. डॉक्टरांनी साखर तपासली, भुवया चढवल्या आणि सांगितलं की असंच चिघळत राहिलं तर पायाबद्दल बोलावं लागेल. काय बोलावं लागेल ते सांगितलं नाही. मिस्त्रींना समजलं.

आता कुणीही म्हणेल, मग लावायचा होता आपलाच पाला. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. मिस्त्रींना सगळी नावं ठाऊक होती, म्हणजे भिंतीलगतचा एकही पाला त्यांच्या अंगाला लागू पडणार नव्हता. अख्ख्या डेपोला बरं करणारा माणूस स्वतःच्याच नियमानं बाद झाला होता. घाबरले ते, चांगलेच घाबरले. पण सांगणार कुणाला? बायको केव्हाच गेलेली, मुलगा लांबच्या गाड्यांवर. घरात उरली सून. ती शाळेचे गणवेश शिवायची, आणि शिलाई मशीन चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही हा तिचा नियम होता. नियमांच्या बाबतीत घर भरलेलं होतं.

पण ही सून खाली मान घालून शिवता शिवता इतकी वर्षं बघत आली होती. घरी जखम घेऊन आलेल्यासाठी सासरा ओट्याशी उभा राहून, पाठ करून पाला चोळायचा तेव्हा पान दिसत नसे, हे खरं. मात्र ओट्यावर देठ उरत, आणि ते केरात तीच टाकायची.

एका सकाळी मशीन थांबली. सून बाहेर गेली, परत आली, ओट्याशी उभी राहिली आणि तिनं सासऱ्याकडे पाठ केली. मिस्त्री खुर्चीतून त्या पाठीकडे बघत राहिले. त्यांच्याशी आजवर असं कुणी वागलं नव्हतं.

ती वाटी घेऊन आली. "आबा, पाय वर घ्या. काय आहे ते विचारायचं नाही."

वासावरूनच मिस्त्रींना कळलं. एकदांडी. शिवाय हिनं त्यात आंबुशी घातली होती, बहुधा पाला कमी पडला म्हणून. उघड्या जखमेत आंबट पाला शुद्धीवरचा माणूस घालत नाही. पहिलं बोट टेकताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव जिभेच्या टोकावर होतं, चूकही होती, आणि दुसऱ्याची चूक दाखवणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा. सून लगदा जपून पसरत होती. आता तोंड उघडलं तर तिच्या हाताचा गुण पहिल्याच दिवशी जाणार, आणि पाय वाचवायला दुसरा हात नव्हता.

"काय आहे गं हे?" त्यांनी विचारलं.

"विचारायचं नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी आंबुशी नव्हती. सुनेनं डोळ्यांतलं पाणी पाहिलं होतं. गोळ्याही ती वेळच्या वेळी हातात ठेवत होती. जखमेचं टोक हळूहळू आत ओढलं जाऊ लागलं. डॉक्टरांनी त्याचं श्रेय गोळ्यांना दिलं, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला आपल्याकडे काही पुरावा नाही.

जखम अजून नखाएवढी उघडी होती तेव्हा डेपोतला एक कंडक्टर दारात आला. बसच्या दारात अंगठा चेंगरला होता. मिस्त्री, तुमचा तो पाला द्या, म्हणाला. आतली मशीन थांबली.

मिस्त्रींनी पाय स्टुलावर नीट ठेवला.

"मला पाल्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "आत सूनबाई आहे, तिला दाखव."