फुलदाणीवरचा सूर्य

चीनमधल्या जिंगदेझेन गावात चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रं काढणारे गल्लोगल्ली होते. पण डोंगर काढावेत ते छेंग पेइयुननंच, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. हात तिला वडिलांचा मिळाला होता. त्यांनी तिला आधी खडक शिकवला, मग कड्यावरचं वाकडं पाइनचं झाड, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी धुकं. धुकं म्हणजे काहीही न काढता सोडलेली कोरी जागा. "इथं ब्रश टेकवलास की डोंगर मेला," असं ते दटावायचे. ते गेल्यावर त्यांनी रंगवलेली चिनीमातीची एक फरशी तिच्या भिंतीवर राहिली: धुक्यातले डोंगर, कड्यावरचं वाकडं झाड आणि काठी टेकत जाणारा एक पाठमोरा म्हातारा. नवरा दूर धरणाच्या कामावर होता. घरात ती आणि सासूबाई दोघीच.

सहासष्ट सालच्या शरदात, सांस्कृतिक क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, भोंग्यावरून नावं पुकारून कारखान्याच्या जेवणघरात सभा भरवली. टेबलावर पेइयुननं रंगवलेली उंच फुलदाणी ठेवली होती: डोंगर, सूर्य, एक नाव आणि एक म्हातारा. नव्या समितीचा प्रमुख जियांग फुलदाणीवर बोट ठेवून म्हणाला, "कॉम्रेड पेइयुन, हा सूर्य उगवतोय की मावळतोय?"

"उगवतोय," ती कशीबशी म्हणाली. देशाचे अध्यक्ष म्हणजे पूर्वेचा उगवता सूर्य, असं तेव्हा पोरंही गायची.

"मग ही नाव त्याच्याकडे पाठ करून कुठं निघालीय? पश्चिमेला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, फुलदाणी गोल आहे. जरा फिरवा, जाईल पूर्वेला!"

सगळे हसले. जियांगनं नुसती मान वर केली आणि हसू जागच्या जागी विरलं. "कोण बोललं?" त्यानं एकेक चेहरा न्याहाळला आणि तो पुन्हा फुलदाणीकडे वळला.

"आणि हा म्हातारा? सगळा देश खांद्याला खांदा लावून राबतोय आणि हा एकटाच डोंगरात बसलाय. कुणावर रुसलाय?"

असे म्हातारे वडील काढत, वडिलांचे गुरूही काढत. पण तसं म्हटलं तर मेलेल्या वडिलांनाही या टेबलावर उभं करतील, एवढं तिला कळत होतं. "उद्याच्या सभेत उत्तर द्या," जियांग म्हणाला. "आणि सगळ्यांची घरंही बघायचीत."

घरी येताच तिनं दार लावून घेतलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे पाहिलं.

"फोड ती."

"आई, बाबांचं एवढंच तर उरलंय."

"बाबा सुटले गं. समितीवाले न्यायला येतील ते तुला. तू फोडतेस की मी फोडू?"

फरशी दुलईत गुंडाळून पेइयुननं वरवंटा उचलला. प्रत्येक घावाबरोबर सासूबाई दाराशी उभ्या राहून जोरजोरात खोकत होत्या.

छांग नदीचा काठ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या फुटक्या भांड्यांचा थर. तिथं आणखी चार तुकडे पडले तर कोण बघतंय? सकाळी कपड्यांखाली तुकडे लपवून टोपली घेऊन दोघी नदीवर गेल्या. पाण्यात हात घालून पेइयुन एकेक तुकडा सोडत होती. एवढ्यात एक तुकडा निसटला आणि चिखलात उताणा पडला. त्यावर तेच कड्यावरचं वाकडं झाड!

शेजारच्या हुआंगवहिनींनी तो उचलला. या बाईच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असायची. शिवाय त्यांचा दीर समितीत होता. दर नव्या वर्षाला त्याच फरशीखाली बसून त्यांनी चहा प्यायला होता.

"अगं बाई, हे झाड..." त्या थांबल्या. त्यांनी पेइयुनकडे पाहिलं. पेइयुनचे हात पाण्यातच गोठले.

"असेल कुठल्या तरी फुटक्या ताटाचं," हुआंगवहिनी मोठ्यानं म्हणाल्या. "पाय कापेल कुणाचा तरी." आणि हात लांबवून तो तुकडा त्यांनी खोल पाण्यात भिरकावला. "बघतेस काय अशी? सदरा वाहून चाललाय तुझा!"

त्या दिवशी झडतीत काही सापडलं नाही. संध्याकाळच्या सभेत पेइयुननं मान खाली घालून कबूल केलं, "सूर्य मावळताच होता. चूक झाली." ब्रश काढून घेऊन तिला माती वाहायला लावलं. पण भीती तिथं संपली नाही. आता कुणाला तरी ठाऊक होतं! पुढं कित्येक वर्षं हुआंगवहिनींनी नुसती हाक मारली, अगदी मीठ मागायला जरी मारली, तरी ती आधी मागं वळून कुणी उभं आहे का ते बघायची. वहिनींनी मात्र त्या तुकड्याचा 'तु'सुद्धा कधी काढला नाही.

काही वर्षांनी ब्रश परत मिळाला तो डोंगरांवर धरणं आणि विजेचे खांब काढायला. मग वारं फिरलं, परदेशातून जुन्या डोंगरांची मागणी आली. जियांग स्वतः तिच्या टेबलाशी आला. "पूर्वीसारखं काढा, पेइयुनताई. छान धुकं-बिकं घालून."

"सूर्य कुठल्या बाजूला काढू?" तिनं विचारलं. तिला खरंच विचारायचं होतं. जियांग हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. तो तसाच निघून गेला.

तिनं डोंगर काढले, पण धुकं काही जमेना. कोरी जागा दिसली की हात आपोआप ब्रशकडे जायचा. कोण काय वाचेल तिथं? मग ती तिथं पूल काढायची, नावा काढायची, धुणं धुणाऱ्या बाया काढायची. गिऱ्हाइकांना ती गर्दी आवडायची.

म्हातारपणी नातीनं तिला ह्वांगशानच्या डोंगरावर नेलं. तसले सुळके तिनं जन्मभर काढले होते, पाहिले मात्र नव्हते. वर पोचतात तोच मागं भोंगा खरखरला. पेइयुन मटकन खाली बसली.

"आजी! काय झालं गं?"

"माझं नाव घेतलं कुणी तरी."

"नाही गं, बसची वेळ सांगतोय तो."

समोर दरीतून ढग वर चढले आणि एकेक सुळका पुसत गेले. पुसलेल्या जागी काहीच नव्हतं, नुसती कोरी जागा. पेइयुननं कठडा घट्ट धरला.

"बाबांनीसुद्धा हे पाहिलं नव्हतं," ती पुटपुटली.

नात म्हणाली, "चल, थंडी वाढतेय."

"थांब जरा."

ती मधूनमधून वळून मागं बघत होती, कुणी उभं तर नाही ना. पण जागची उठली नाही. ढग पुन्हा विरेपर्यंत तिथंच बसून राहिली.