हिंदुरावांच्या गाडीचे ब्रेक

रहाटणीच्या यशोदाबाईंना गाडीत बसायची धास्ती वाटे. धास्ती गाडीची नव्हे, नवऱ्याची. अठ्ठ्याहत्तर साली चिंचवडकडची जमीन कारखान्यासाठी गेली आणि मोबदल्याच्या पैशातून हिंदुरावांनी नवी कोरी पांढरी गाडी दारात आणली. आधी ते माणसांवर हात टाकत, आता गाडी घालू लागले. ज्याच्याशी वाकडं, तो वाटेत दिसला की वेग वाढवून थेट त्याच्या अंगावर जायचं आणि हातभर अंतरावर करकचून ब्रेक दाबायचा. माणूस सायकल टाकून चिखलात पडला की हिंदुराव पोट धरून हसत. शेजारी यशोदाबाईंचं कपाळ समोर आपटलेलं असे.

वर्षाच्या आतच चाकांतून खरखर येऊ लागली. पिंपरीच्या अनंत मिस्त्रीनं चाक उघडलं आणि तो चकित झाला.

"राव, ब्रेकचं लायनिंग पार झिजलंय. नव्या गाडीचं असं होत नाही. चालवता तरी कशी?"

"मला इचारतो व्हय रं?" हिंदुरावांनी पाना उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. चाक परत चढवायला लावलं आणि गाडी तशीच घरी आणली.

"अवो, मिस्त्री खोटं न्हाई बोलला," यशोदाबाई म्हणाल्या. उलट्या हाताची बसली. ओठ फाटला.

त्याच आठवड्यात बांधावरून धाकट्या भावाशी, भैरूशी जुंपली. हिंदुरावांनी बायकोला दंडाला धरून गाडीत कोंबलं. "बघ, कसा पळतो त्यो!"

भैरू कुऱ्हाड घेऊन वाटेच्या मधोमध उभा होता. भाऊ शेवटी थांबतोच, हे त्यालाही ठाऊक होतं. तो हलला नाही. हिंदुरावांनी ब्रेक दाबला. पाय खालपर्यंत गेला, गाडी सुटली ती सुटलीच. यशोदाबाईंनी किंचाळत स्टिअरिंग ओढलं. मडगार्डनं भैरूची मांडी मोडली आणि गाडी बाभळीवर आदळली. काचा हिंदुरावांच्या चेहऱ्यात घुसल्या. छाती स्टिअरिंगखाली अडकली.

भैरू कुऱ्हाड घेऊन सरपटत आला. "वैनी, बाजूला व्हा!"

रक्तानं डोळे भरलेले, तरी यशोदाबाई उतरून नवऱ्याच्या बाजूच्या दारापुढे उभ्या राहिल्या. "भावजी, तुमी फासावर जाऊ नगा. ह्यांचं मी बघते." कुऱ्हाड त्यांनी त्याच्या हातातून उपसून घेतली.

पोलीस आले तेव्हा भावकी म्हणाली, गाडीतच खोट होती म्हणून सांग. यशोदाबाईंनी साऱ्यांदेखत जबाब दिला, "मिस्त्रीनं सांगितलं, मी सांगितलं. तरी ह्यांनी सख्ख्या भावावर गाडी घातली."

हिंदुरावांना शिक्षा झाली. भैरू जन्माचा लंगडा झाला. नवरा सुटून आल्यावर यशोदाबाई त्याला वेळेवर वाढत, पण निजायला वेगळ्या खोलीत जात. आतून कडी लावत आणि उशाशी विळा ठेवत. एकदा हिंदुरावांनी दारावर लाथ मारली. आतून आवाज आला, "या, दार तोडून या." ते मागे फिरले आणि ओसरीवर जाऊन निजले.